बफर म्हणतो आपण, पण तिथे माणसं राहतात

कुलाब्याला नेव्ही नगरकडे जाताना जे उंच मनोऱ्याचं चर्च दिसतं त्याला मुंबईत सगळे अफगाण चर्च म्हणतात, पण अफगाण का हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १८३८ ते १८४३ या काळात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांमध्ये जे मेले त्यांच्या आठवणीसाठी इंग्रजांनी ते बांधलं, १८५८ मध्ये ते प्रार्थनेसाठी खुलं झालं. आत भिंतीवर अफसरांची नावं कोरलेली आहेत. आणि साध्या शिपायांबद्दल काय लिहिलंय, तर ते इतके जास्त होते की त्यांची नावं लिहिणं शक्य नाही. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा तिथेच उभा राहिलो, पुढे जाववेना. ते शिपाई कशासाठी मेले, तर काबूलच्या गादीवर लंडनला चालेल असा माणूस बसावा म्हणून, आणि तो कशासाठी, तर रशिया हिंदुस्थानपर्यंत पोचू नये म्हणून.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर एका काकांनी वाखानच्या पट्टीचा मॅप टाकला. अफगाणिस्तानच्या ईशान्येला जी लांब बोटासारखी पट्टी बाहेर आलेली दिसते ना, ती. खाली लिहिलेलं की ही पट्टी आपल्या हाताशी असती तर आपल्याला मध्य आशियात थेट रस्ता मिळाला असता, आणि मग नेहमीप्रमाणे चर्चा तिबेटवर गेली, तिथून नेपाळवर, आणि कोणीतरी ठामपणे लिहिलं की नेपाळ आणि भूतान आपले बफर आहेत, ते हातातून जाऊन चालणार नाही. पंधरा-वीस जणांनी अंगठे दिले. सगळी चांगली माणसं आहेत, कोणाच्या मनात वाईट नाही. पण मला तो शब्द फार खटकतो आणि का खटकतो ते नीट सांगावंसं वाटतं.

बफर म्हणजे रेल्वेच्या दोन डब्यांमध्ये जे धक्का खायला लावलेलं असतं ते. त्याचं काम एकच, स्वतः दाबलं जायचं. एखाद्या देशाला बफर म्हटलं की त्या देशाचं काम काय ते आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं, आणि तिथे राहणाऱ्या माणसांनी त्याला कधी हो म्हटलेलं नसतं. माझं म्हणणं याच्याही पुढे जातं. बफर नुसता मॅपवर रेघ मारून तयार होत नाही, तो टिकवायला आतमध्ये कोणाला तरी बाहेरून पैसा आणि बंदुका द्याव्या लागतात, आणि त्या बंदुका बहुतेक वेळा त्याच देशातल्या दुबळ्या माणसांवर चालतात. हे मी हवेत बोलत नाहीये, अफगाणिस्तानचा अख्खा एकोणिसावा शतक याची साक्ष आहे.

पहिल्यापासून बघू. १८३७ मध्ये मुंबईच्या फौजेतला अलेक्झांडर बर्न्स काबूलला कंपनीचा वकील म्हणून होता. अमीर दोस्त मोहम्मदला इंग्रजांशी दोस्ती हवी होती, त्याची मागणी पेशावरची होती, जे रणजितसिंहाने घेतलं होतं. त्याच डिसेंबरमध्ये व्हिटकेविच नावाचा रशियन दूत काबूलला पोचला आणि कलकत्त्यात एकच घबराट उडाली. बर्न्स लिहीत होता की दोस्त मोहम्मदलाच धरा, माणूस कामाचा आहे. पण गव्हर्नर जनरल ऑकलंडने ठरवलं की रणजितसिंहाला दुखवायचं नाही, त्यापेक्षा लुधियान्याला कित्येक वर्षं कंपनीच्या पेन्शनवर बसलेला, गादी गमावलेला जुना अफगाण बादशहा शाह शुजा काबूलला नेऊन बसवू. फौज गेली, मुंबईची फौज सिंधमधून बोलन घाटाने वर चढली, १८३९ मध्ये गझनी पडलं, काबूल घेतलं, शुजा गादीवर बसला. दोन वर्षांनी, २ नोव्हेंबर १८४१ ला, काबूलच्या लोकांनी बर्न्सला त्याच्या घरात मारलं. जानेवारी १८४२ मध्ये बर्फातून जी माघार झाली त्यात साधारण साडेचार हजार सैनिक होते आणि बारा हजारांच्या आसपास बुणगे, म्हणजे भिस्ती, मोतद्दार, स्वयंपाकी, त्यांच्या बायका आणि पोरं. १३ जानेवारीला जलालाबादला डॉक्टर ब्रायडन एकटा घोड्यावर पोचला हे चित्र सगळ्यांना माहीत आहे. नंतर आणखी थोडे जण जिवंत सापडले, काही कैदेतून सुटले, पण त्या बारा हजारांचं कोणी चित्र काढलं नाही. आणि शेवटी काय झालं, तर १८४३ मध्ये तोच दोस्त मोहम्मद परत गादीवर आला आणि १८६३ ला मरेपर्यंत त्याने राज्य केलं. व्हिटकेविचलाही त्याच्याच सरकारने झटकलं होतं, तो १८३९ मध्ये पीटर्सबर्गला मेलेला सापडला. म्हणजे ज्या दोन दूतांच्या काबूलला येण्यावरून हे सगळं पेटलं ते बर्न्स आणि व्हिटकेविच दोघंही त्यातच गेले.

मग रशिया खरंच पुढे सरकायला लागला. १८६५ ताश्कंद, १८६८ समरकंद, १८७३ खिवा, १८८४ मर्व्ह. त्यांचा परराष्ट्रमंत्री गोर्चाकोव्हने १८६४ मध्येच सगळ्या युरोपला कळवलं होतं की शेजारी अर्धवट रानटी टोळ्या असल्या की सुधारलेल्या राज्याला पुढे पुढे जावंच लागतं, इलाज नाही. इंग्रजही हेच म्हणायचे, फक्त त्यांची दिशा उलटी. दोघंही म्हणणार की आम्हाला नको होतं पण करावं लागलं. मला या सबंध काळात हेच वाक्य सगळ्यात जास्त चीड आणतं, कारण ते आजही जसंच्या तसं ऐकू येतं, फक्त देश बदलतात.

३० मार्च १८८५ ला अफगाणिस्तानच्या उत्तर सीमेवरच्या पंजदेहला रशियन फौजेने अफगाण ठाण्यावर हल्ला केला आणि शेकडो अफगाण मारले गेले. लंडनमध्ये ग्लॅडस्टनने पार्लमेंटकडे युद्धाच्या तयारीसाठी मोठी तरतूद मागितली, जग युद्धाच्या काठावर आलं. आणि त्या वेळी अमीर अब्दुर रहमान कुठे होता, तर रावळपिंडीला, व्हाइसरॉय डफरीनच्या दरबारात पाहुणा म्हणून. त्याने ती बातमी शांतपणे ऐकून घेतली असं सगळे लिहितात. पंजदेह रशियाला गेलं, झुल्फिकारची खिंड अफगाणांकडे राहिली, दोन राजधान्यांनी तोडगा काढला आणि युद्ध टळलं. युद्ध टळलं ही चांगलीच गोष्ट झाली, ते मी नाकारणार नाही. पण जे मेले ते अफगाण होते आणि ज्यांचं युद्ध टळलं ते इंग्रज आणि रशियन होते.

आता हा अब्दुर रहमान. त्याच्यावर थोडं थांबायला हवं कारण माझा मुद्दा सगळा त्याच्यात आहे. त्याच्या नावावर असलेल्या आत्मचरित्रात अफगाणिस्तान म्हणजे सिंहांमधली बकरी, जात्याच्या दोन दगडांमधला गव्हाचा दाणा, असं म्हटलंय. आपल्याला ऐकून दया येते. पण हाच माणूस इंग्रजांकडून १८८३ पासून वर्षाला बारा लाख रुपये घेत होता, शिवाय तोफा आणि बंदुका. अट काय, तर परदेशांशी संबंध इंग्रजांच्या सल्ल्याने ठेवायचे, आत काय करतोस ते आम्ही विचारणार नाही. म्हणजे बाहेरच्या बाजूने बकरी आणि आतल्या बाजूने सिंह. १८९१ ते १८९३ मध्ये त्याने हजारा नावाच्या, मध्य अफगाणिस्तानातल्या शिया लोकांवर जे केलं ते वाचवत नाही, गावंच्या गावं उठवली, हजारो माणसं गुलाम म्हणून विकली गेली, जे पळू शकले ते क्वेट्ट्याला आणि मशहदला गेले. क्वेट्ट्यात आजही हजारा लोकांची मोठी वस्ती आहे आणि तिथेही त्यांच्यावर बॉम्बहल्ले झालेत, त्याची मुळं इथपर्यंत जातात.

१२ नोव्हेंबर १८९३ ला मॉर्टिमर ड्युरंडबरोबर त्याने जो करार केला त्यात पश्तूनांचा मुलूख मधोमध चिरला गेला हे तर माहीतच आहे, पण त्या करारात अमिराची रक्कम बारा लाखांवरून अठरा लाख झाली हे कमी सांगितलं जातं. आणि त्याच रेघेने काफिरिस्तान, म्हणजे हिंदुकुशातली ती दऱ्याखोऱ्यांमधली माणसं जी स्वतःचे जुने देव मानायची, त्यांचा बहुतेक भाग अमिराच्या बाजूला टाकला. १८९५-९६ च्या हिवाळ्यात, घाट बर्फाने बंद असताना, त्याच्या फौजा आत शिरल्या, लोकांना मुसलमान केलं, देवांच्या लाकडी मूर्ती गेल्या, आणि त्या प्रदेशाचं नाव नूरिस्तान झालं. रेघेच्या पलीकडे चित्रालच्या बाजूला बुंबुरेत, रुंबुर आणि बिरीर अशा तीन खोऱ्यांमध्ये कलाश लोक राहिले, ते इंग्रजांच्या वाट्यात पडले म्हणून त्यांचा धर्म वाचला, आज ते जेमतेम चारेक हजार आहेत. एका साहेबाची पेन्सिल थोडी इकडेतिकडे झाली असती तर कोणते देव राहिले असते आणि कोणते गेले असते, हा विचार मला झोपू देत नाही.

आता त्या काकांच्या वाखानकडे येतो. १८७३ मध्ये इंग्रज आणि रशियनांनी कागदावर ठरवलं की वरची आमूदर्या, म्हणजे पंज नदी, ही अफगाणिस्तानची हद्द. दोघांपैकी कोणालाच तिथला भूगोल नीट माहीत नव्हता, आणि तिथल्या शुग्नान, रोशान, वाखान या छोट्या मुलखांचे गाव नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले होते. नदी म्हणजे डोंगरातल्या माणसाची गल्ली असते, अलीकडे घर आणि पलीकडे शेत. कोकणात खाडीच्या दोन काठांवरच्या गावांना विचारा, एका काठाची मुलगी दुसऱ्या काठावर दिलेली असते, अर्धे सोयरे पलीकडे. त्या खाडीच्या मधोमध बॉर्डर टाकली तर काय होईल तेच तिथे झालं. १८९१ मध्ये यंगहजबंड या इंग्रज अफसराला वाखानमधल्या बोझाई गुंबझ इथे रशियन कर्नल योनोव्हने सांगितलं की ही आमच्या झारची जमीन, निघा. त्यावरून पुन्हा बोंब झाली, त्याच डिसेंबरमध्ये इंग्रजांनी हुंझा आणि नगर ही दोन डोंगरी संस्थानं घेतली, आणि मग ११ मार्च १८९५ ला करार झाला, उन्हाळ्यात दोन्हीकडचे अधिकारी चार हजार मीटरवर झोरकुल सरोवरापासून पूर्वेला चीनच्या बाजूपर्यंत खांब रोवत गेले. इंग्रजांचं राज्य आणि रशियाचं राज्य एकमेकांना कुठेही चिकटू नये म्हणून मध्ये ही पट्टी ठेवली, साधारण साडेतीनशे किलोमीटर लांब आणि काही जागी पंधरा किलोमीटरसुद्धा रुंद नाही. खुद्द अब्दुर रहमानला ती नको होती. एवढ्या लांब टोकाला हात पसरून मी तो सांभाळू कसा, असा त्याचा सूर होता. ती त्याला घ्यायला लावली. वाखी लोकांना तर कोणी विचारलंच नाही.

आज वाखी बोलणारी माणसं चार देशांत आहेत, अफगाणिस्तान, ताजिकिस्तान, चीनमध्ये ताशकुरगानकडे आणि पाकिस्तानच्या ताब्यातल्या गोजालमध्ये. सोव्हिएत काळात पंजच्या पलीकडचा काठ बंद झाला. एका काठावर शाळा, वीज, डॉक्टर आले आणि दुसऱ्या काठावर काहीच नाही, आणि दोन्हीकडचे लोक नदीवरून एकमेकांचे दिवे बघत राहिले. पलीकडे दिवे आणि इकडे अंधार. २००२ पासून आगाखान संस्थेने पुन्हा पूल बांधायला सुरुवात केली आणि इश्काशिमला नदीतल्या बेटावर शनिवारचा बाजार भरायला लागला, जिथे दोन्हीकडची माणसं येऊन भेटू शकायची.

मला माहिती आहे की इथे कोणीतरी म्हणेल, बफरमुळेच तर शांतता राहिली. इंग्रज आणि रशियन शंभर वर्षं मध्य आशियात एकमेकांशी थेट लढले नाहीत. आणि सयामचं उदाहरण देतील, की १८९६ मध्ये इंग्रज आणि फ्रेंचांनी मेनाम नदीचं खोरं मध्ये मोकळं ठेवायचं ठरवलं आणि म्हणून थायलंड कधी गुलाम झालं नाही. हा मुद्दा खरा आहे, मी तो हलका करणार नाही. पण सयामने त्यासाठी लाओस आधीच १८९३ मध्ये गमावलं होतं, पुढे कंबोडियाकडचे प्रांत १९०७ मध्ये फ्रेंचांना आणि मलायाकडची संस्थानं १९०९ मध्ये इंग्रजांना दिली. आणि सयाम वाचलं त्यात त्यांच्या राजांची हुशारी मोठी होती, स्वतःचा कारभार, स्वतःचे वकील, दोघांनाही खेळवायची ताकद. आपण त्याला बफर म्हणतो तेव्हा ती हुशारी आपण त्यांच्याकडून काढून घेतो आणि लंडन-पॅरिसच्या खात्यात टाकतो.

शिवाय शांतता कोणाची हा प्रश्न आहेच. आपल्याकडे म्हण आहे की दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ. इथे दोघांचं भांडण मिटलं आणि तिसरा मेला. ३१ ऑगस्ट १९०७ ला पीटर्सबर्गला इंग्रज आणि रशियनांच्या एकाच करारात इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट अशा तीन देशांचं वाटप ठरलं आणि तिघांपैकी एकाचाही माणूस तिथे नव्हता. इराणमध्ये वर्षभरापूर्वीच, १९०६ मध्ये, लोकांनी झगडून पहिली संसद मिळवली होती. त्यांच्याच देशाचे तीन भाग केले, उत्तर रशियाचा, आग्नेय इंग्रजांचा, मधला दोघांना मोकळा, आणि जून १९०८ मध्ये रशियन अफसर ल्याखोव्हच्या हाताखालच्या कोसॅक ब्रिगेडने त्या संसदेवर तोफा डागल्या. अफगाण अमीर हबीबुल्लाने त्या कराराला संमती दिलीच नाही, तरी दोघांनी तो लागू धरला. तिबेटवर चीनचं अधिराज्य आहे, म्हणजे पुरी मालकी नाही पण वरचा हक्क आहे, असं लिहून टाकलं आणि ल्हासाशी बोलायचं तर चीनमार्फतच बोलू असं ठरवलं. तीनच वर्षं आधी, १९०४ मध्ये, तोच यंगहजबंड फौज घेऊन ल्हासाला गेला होता आणि वाटेत गुरू गावाजवळ शेकडो तिबेटी जुन्या तोड्याच्या बंदुका हातात घेऊन मेले होते. त्यांना मारून ज्या ल्हासाशी थेट करार केला, त्याच ल्हासाला तीन वर्षांत बोलण्याच्याही लायकीचं ठेवलं नाही. अधिराज्य हा शब्द ब्रिटनने २००८ पर्यंत जपला आणि मग एका दिवशी जुना झाला म्हणून सोडून दिला, तिबेट चीनचाच भाग मानला. तिबेटी माणसाचं आयुष्य ज्या शब्दावर टांगलेलं होतं तो परक्याच्या फाइलीतला शब्द होता.

आणि आपण, १९४७ नंतरचे आपण, यातून काय घेतलं? मला प्रामाणिकपणे वाटतं की दिल्लीने इंग्रजांच्या खोलीतला फक्त माणूस बदलला, भिंतीवरचा मॅप तसाच राहिला. भूतानचे परदेशी संबंध इंग्रजांच्या सल्ल्याने, हे १९१० च्या पुनाखा करारात होतं, आपण १९४९ मध्ये तेच कलम भारताच्या सल्ल्याने असं करून ठेवलं आणि ते काढायला २००७ उजाडलं. काढलं ते फार चांगलं केलं आणि मला त्याचा अभिमान वाटतो. २०१७ मध्ये डोकलामला ७३ दिवस आपले आणि चीनचे सैनिक समोरासमोर होते, आपल्या सगळ्या चॅनेलवर भारत जिंकला की चीन हेच चाललं होतं, आणि ती जमीन भूतानची आहे, भूतानच्या लोकांना काय वाटतं हे विचारायला किती जण गेले? नेपाळमध्ये २०१५ ला एप्रिलमध्ये भूकंप झाला आणि त्याच सप्टेंबरपासून सीमेवरून माल अडला. आपलं सरकार म्हणालं आम्ही नाकाबंदी केली नाही, अडवणूक नेपाळमधल्याच आंदोलकांची आहे. पण काठमांडूत गॅसचं सिलिंडर मिळत नव्हतं, लोक चुली पेटवत होते, आणि त्या हिवाळ्यात तिथल्या माणसाच्या मनात जे बसलं ते आपल्या खुलाशाने निघालेलं नाही. त्यानंतर नेपाळ चीनकडे सरकला की आपण म्हणतो बफर हातातून जातोय. अहो, तो हातात होता कधी, आणि तो आपल्या हातात का असावा? पृथ्वीनारायण शहांनी त्यांच्या देशाला दोन धोंड्यांमधलं कोनफळ म्हटलं होतं. त्यात धोंडे कोण ते आपल्याला कळायला हवं, आणि कोनफळ म्हणजे तरी काय, जिवंत कंद, जो अडचणीत वाकडा होऊन का होईना पण वाढतो.

चीनचा धोका खोटा आहे असं मी म्हणत नाही. तिबेटमध्ये काय झालं ते डोळ्यांसमोर आहे, आणि गलवानमध्ये आपली वीस माणसं गेली. सीमा राखायलाच हवी. पण शेजाऱ्याला मित्र म्हणून धरणं आणि त्याला उशी म्हणून मध्ये ठेवणं यात शेजाऱ्याला फरक लगेच कळतो, आपल्याला उशिरा कळतो. ज्याला आपण गादीवर बसवतो तो लोकांना आपला वाटत नाही हे शाह शुजाने दाखवलं, ज्याला पैसे देतो तो ते कोणावर वापरेल हे अब्दुर रहमानने दाखवलं. १९१९ मध्ये अफगाण अमीर अमानुल्लाने इंग्रजांशी लढून परराष्ट्र धोरण स्वतःच्या हातात घेतलं तेव्हा इंग्रजांनी पहिली गोष्ट काय केली, तर तो वार्षिक पैसा बंद केला. यावरून तो पैसा कशाचा होता ते समजतं.

काकांना मी हे सगळं ग्रुपवर नाही लिहिलं, फोन केला. ते म्हणाले, पण आपल्या गृहखात्याच्या यादीत तर अफगाणिस्तानशी आपली १०६ किलोमीटर सीमा आहे. आहे, मी म्हटलं, ती वाखानचीच, पाकिस्तानच्या ताब्यातल्या भागाला लागलेली. आणि मग मी त्यांना त्या पट्टीच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या किरगिझ लोकांचं सांगितलं. याक आणि मेंढ्या घेऊन पामीरवर फिरणारे लोक, पूर्वी हिवाळ्यात एकीकडे आणि उन्हाळ्यात दुसरीकडे जायचे, मग एकेक करून रशियाची बाजू बंद झाली, चीनची बंद झाली आणि ते त्या इंग्रजांनी ठेवलेल्या बोटात अडकले. १९७८ मध्ये काबूलला सत्ता उलटली तेव्हा त्यांचा म्होरक्या रहमान कुल हजाराहून जास्त माणसं घेऊन डोंगर ओलांडून गिलगिटला उतरला. तिथल्या उन्हाने आणि आजारांनी कितीतरी जण गेले, काही परत वर गेले. उरलेल्यांना १९८२ मध्ये तुर्कस्तानने नेलं आणि व्हान प्रांतात उलुपामीर नावाचं गाव वसवून दिलं, उलुपामीर म्हणजे थोरला पामीर. तो भाग कुर्दांचा आहे, इराणच्या सीमेजवळ, आणि तिथे सरकार आणि कुर्द बंडखोर यांचं युद्ध पेटल्यावर त्या किरगिझ पुरुषांच्या हातात सरकारने बंदुका दिल्या आणि त्यांना गावरक्षक केलं.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, त्यांच्या मेंढ्यांचं काय झालं?